संप, कपात आणि कामगार संघटना: विदर्भातल्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग-प्रेसिंग, दाल मिल, सिमेंट, कोळसा खाणीतले ठेकेदारी कामगार, एसटी आगार, अंगणवाडी. हंगाम लागला की आणि हंगाम उलगला की या सगळ्यांकडून तेच ते प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ‘कपात’ म्हणजे इथे कामगार कमी करणं, पगार कापणं नव्हे. एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिने १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा रद्द केला. राज्याचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा मात्र रद्द झालेल्या कायद्यांच्या यादीत नाही. घरात जुनं पुस्तक असेल तर त्यातले कलम क्रमांक आता जुळणार नाहीत.

१. संघटना करते तरी काय? वर्गणी घेते, मोर्चा काढते, एवढंच दिसते आम्हाले.

दिसतो तो मोर्चा. कामगार वाचतो तो त्याआधी झालेल्या कामामुळे: मागणीपत्र लिहून त्यावर आवक क्रमांक घेणं, समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) बसून इतिवृत्तावर सही करण्याआधी ते वाचणं, कोणाचे किती दिवस भरले याची वही ठेवणं, काढलेल्या माणसाची तक्रार मुदतीत लावणं. एकट्या रेजाला (मजूर बाईला) मॅनेजर दारात उभं करत नाही. पण नोंदणीकृत संघटनेचं पत्र कामगार कार्यालयात गेलं की त्याला तारखेला हजर राहावं लागतं.

विदर्भाला हे नवं नाही. १८७७ साली नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून झालेला संप देशातल्या सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांपैकी आहे. तेव्हा ना कायदा होता, ना संघटना, आणि संपकऱ्याला कसलंच संरक्षण नव्हतं.

२. आम्ही जिनिंगात सगळे मिळून अकरा जण. आमची संघटना होते का?

अर्ज करायला सात सभासद लागतात. शिवाय त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले १० टक्के किंवा १०० कामगार, यातली जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हवेत, पण सातच्या खाली नाही. म्हणजे अकरा जणांची संघटना कायद्याने होते. तरी सल्ला असा की अकराच जण असाल तर स्वतःची वेगळी नोंदणी करू नका. दरवर्षीचं विवरणपत्र, हिशेब, पदाधिकाऱ्यांची निवड हे सगळं सांभाळावं लागतं, आणि ते चुकलं की नोंदणी जाते. त्यापेक्षा तालुक्यात किंवा जिल्ह्यात आधीच असलेल्या जिनिंग कामगारांच्या किंवा सर्वसाधारण कामगारांच्या संघटनेचे सभासद व्हा आणि आपल्या युनिटची कमिटी करा. आयटक, सिटू, इंटक, बीएमएस, एचएमएस या देशपातळीवरच्या महासंघांपैकी कोणाशी जोडलेली संघटना घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. निवडताना एवढंच पाहा की कार्यालयात फोन कोण उचलतं आणि गेल्या वर्षी तिने किती केसेस लावल्या.

वर्गणीची पावती दर महिन्याला घ्या. वर्षाची एकदम फाडलेली, एकाच शाईची, ओळीने क्रमांक असलेली पावत्यांची चवड सभासद पडताळणीत (कोणत्या संघटनेकडे किती कामगार हे तपासताना) टिकत नाही.

३. संघटनेत नाव घातलं म्हणून काढलं तर?

संघटनेत जाण्यावरून कामगाराला त्रास देणं, बदली करणं, काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. राज्याच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवस. नव्या संहितेत एकट्या कामगाराच्या काढण्याच्या वादाला दोन वर्षं मिळतात, पूर्वी तीन होती. तरी ९० दिवसांच्या आत हालचाल करा, म्हणजे दोन्ही वाटा उघड्या राहतात. एकच मागणी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी लावू नका, एक बाजू त्याच मुद्द्यावर फेटाळली जाते.

पदाधिकाऱ्यांसाठी आणखी एक आडोसा आहे: संरक्षित कामगार. एकूण कामगारांच्या १ टक्का, पण किमान ५ आणि जास्तीत जास्त १०० जणांना ही मान्यता मिळते. वाद प्रलंबित असताना त्यांना काढायचं तर जिथे वाद चालू आहे त्या अधिकाऱ्याची आधी लेखी परवानगी लागते. यादी संघटनेने स्वतःहून मालकाला लेखी द्यायची असते, आणि इथेच बहुतेक संघटना मागे पडतात. संप लागल्यावर यादी दिली तर मालक ती मान्य करायला टाळाटाळ करतो.

४. संप हा आमचा हक्कच आहे ना? मग नोटीस कशाला?

संघटना करणं हा घटनेतला मूलभूत हक्क आहे. संप करणं हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितलं. संपाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, म्हणून तो कायद्याच्या चौकटीतच चालतो. नव्या संहितेत १४ दिवसांची नोटीस सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागते. पूर्वी केंद्राच्या कायद्यात ती फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती.

हिशेब असा. नोटीस १ तारखेला दिली आणि पोच घेतली, तर १५ पर्यंत संप करता येत नाही, १६ पासून येतो. नोटीस दिल्यापासून ६० दिवसांत संप सुरू झाला नाही तर ती वाया जाते आणि नवी द्यावी लागते. नोटीस मालकाला द्या, प्रत समेट अधिकाऱ्याला द्या, आणि दोन्ही प्रतींवर तारीख, शिक्का, आवक क्रमांक घ्या. गेटवरचा वॉचमन घेत नसेल तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. नोटीसमध्ये मागण्या एक-एक करून, आकड्यांसह लिहा. ‘योग्य पगारवाढ मिळावी’ असं लिहू नका. ‘रोजी ४५० वरून ५५० करावी, दिनांक अमुकपासून’ असं लिहा.

खरी अडचण पुढे आहे. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकारी पहिली बैठक घेतो त्या दिवशी समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती चालू असताना आणि संपल्यानंतर ७ दिवस संप बेकायदा ठरतो. १ तारखेला नोटीस दिली आणि १० ला बैठक लागली, तर तुमची १६ तारीख गेली. संपाची नोटीस असेल तर समेट अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो देतो की नाही यावर संघटनेने पत्रं देत राहावं. प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेलं की ते चालू असेपर्यंत आणि नंतर ६० दिवस पुन्हा मनाई. आमच्या मते या तरतुदींनी कायदेशीर संपाची वाट फार अरुंद करून टाकली आहे, आणि संघटना त्याविरुद्ध बोलतात ते योग्यच आहे. पण वाट अरुंद आहे म्हणून नोटीस न देता गेटबाहेर बसलात तर किंमत कामगारच मोजतो: बेकायदा संपासाठी १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आणखी एक अट. चालू करारात जो मुद्दा ठरलेला आहे त्याच मुद्द्यावर कराराच्या मुदतीत संप करता येत नाही. वणी, चंद्रपूरकडच्या कोळसा कामगारांना हे माहीत आहे. त्यांचा अकरावा राष्ट्रीय वेतन करार १ जुलै २०२१ पासून पाच वर्षांचा होता.

५. संप न म्हणता सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी टाकली तर?

ती पळवाट संहितेने बंद केली. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरतात आणि प्रश्न ४ मधले सगळे नियम लागतात. काळ्या फिती लावून काम, जेवणाच्या सुट्टीत गेट मीटिंग, पाळी सुटल्यावर धरणं हे मार्ग मोकळे आहेत. मंडप टाकायचा तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या आणि जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते विचारून घ्या.

मुद्दाम काम मंद करणं, घेराव घालणं, कामावर जाणाऱ्यांना अडवणं, मालकाच्या किंवा मॅनेजरच्या घरापुढे निदर्शनं करणं हे संघटनेच्या बाजूच्या अनुचित प्रथांच्या यादीत आहे. घरासमोरची एक घोषणाबाजी पुढे पूर्ण केसमध्ये संघटनेच्या विरोधात वाचली जाते.

६. संपाच्या दिवसांचा पगार भेटते का?

सर्वसाधारणपणे नाही. संप कायदेशीर आणि न्याय्य, असा दोन्ही असेल तरच संपकाळाचा पगार मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून करार करताना संपकाळाचं काय, हे कलम वेगळं लिहून घ्या: ते दिवस रजेत धरायचे, की पुढे जादा काम करून भरून द्यायचे, की बिनपगारी. नुसतं ‘कारवाई होणार नाही’ यावर सही केली तर दिवाळीच्या बोनसमध्ये ते दिवस कापलेले दिसतात.

आठ दिवसांचा पगार कापण्याबद्दल फार विचारणा होते. नोकरीच्या अटीत सूचना देणं ठरलेलं असूनही दहा किंवा जास्त कामगार ठरवून, सूचना न देता आणि वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले, तर मालक सूचनेऐवजी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतो. एक दिवसाच्या संपाला आठ दिवसांचा पगार कापतात तो याच्याच आधारे. नोटीस देऊन केलेल्या संपात हा आधार राहत नाही.

बेकायदा नसलेल्या संपाने सेवा खंडित होत नाही, ही गोष्ट पगारापेक्षा मोठी आहे, कारण भरपाई आणि ग्रॅच्युइटी त्यावर उभी असते (प्रश्न १२).

७. आम्ही कामावर यायला तयार, पण मालकानेच गेटला कुलूप लावलं. मग म्हणते, तुम्हीच संपावर.

टाळेबंदीलाही १४ दिवसांची नोटीस लागते. बेकायदा टाळेबंदीला ५०,००० ते १ लाख रुपये दंड आणि कैदेची तरतूद आहे. पण कुलूप मालकाने लावलं, की तुम्ही आत गेला नाहीत, हे सिद्ध कोण करणार?

म्हणून पहिल्या दिवसापासून हे करा. पाळीच्या वेळेवर सगळ्यांनी गेटवर यावं. एका फुलस्केप वहीत तारीख, वेळ, नाव, सही किंवा अंगठा घ्यावा. वरती एक ओळ लिहावी: ‘आम्ही खालील कामगार आज सकाळी ७ च्या पाळीला कामासाठी हजर होतो, गेट बंद होतं, आत घेतलं नाही.’ बंद गेट आणि कारखान्याची पाटी दोन्ही दिसतील असा फोटो रोज काढावा. त्याच दिवशी मालकाला आणि कामगार कार्यालयाला ईमेलने पत्र जावं. ही वही घरी नेऊ नका, संघटनेच्या कार्यालयात ठेवा आणि रोजच्या पानाचा फोटो दोघातिघांच्या फोनमध्ये असू द्या. पहिल्या दोन दिवसांचा उत्साह ओसरला की चौथ्या दिवशी वहीत सह्या निम्म्या होतात, आणि कोर्टात नेमकं तेच पान उघडलं जातं.

८. संप मिटला, पण आत घेण्याआधी बाँडवर सही मागतात. करायची का?

कायदेशीर संपावर असलेल्या कामगाराकडून कामावर घेण्याची अट म्हणून चांगल्या वर्तणुकीचा बाँड एकेकट्याने लिहून घेणं हीच अनुचित प्रथा आहे. संघटनेने ताबडतोब लेखी हरकत घ्यावी. घरची चूल बंद असेल आणि सही टाळता येत नसेल, तर सहीजवळ ‘हरकत कायम ठेवून’ असं लिहा, फोटो काढा, आणि त्याच दिवशी संघटनेमार्फत पत्र पाठवा. कोऱ्या कागदावर मात्र सही करू नका (प्रश्न १८).

९. संपाच्या काळात मालकाने परप्रांतातून माणसं आणली. चालते का?

बेकायदा नसलेल्या संपात नवी भरती करणं अनुचित प्रथांच्या यादीत आहे. गाडीचा नंबर, किती माणसं, कोणत्या तारखेला आली, कुठे उतरवली हे टिपून तक्रार द्या. त्या मजुरांशी भांडू नका. बहुतेकांना संप आहे हे उतरल्यावर कळतं, आणि त्यांची उचलही त्याच ठेकेदाराकडे अडकलेली असते. मारामारी झाली की गुन्हा तुमच्यावर आणि संपाचा मुद्दा बाजूला.

१०. कारखान्यात दोन-तीन संघटना आहेत. मालक कोणाशी बोलणार?

एकच संघटना असेल तर तीच वाटाघाटी करणारी. एकापेक्षा जास्त असतील तर ज्या संघटनेकडे हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार असतील ती एकटी. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद होते. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद आणि सहा महिन्यांची सलगता अशी अट आहे.

हा प्रश्न मोठमोठ्या संपांना खाऊन गेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पण कायद्याने मान्यता दुसऱ्याच संघटनेकडे होती. गिरणी मालक आणि सरकार तेच कारण पुढे करत राहिले. २०२१ च्या एसटी संपात संघटनांच्या कृती समितीने माघार घेतल्यावरही कामगार थांबले नाहीत. एसटीचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा या मागणीवर पाच महिन्यांहून जास्त काळ आगारं बंद राहिली आणि शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्याची मुदत दिली. कामगारांचा राग खरा होता. पण त्यांच्या वतीने करारावर सही कोण करणार हे ठरलेलं नसलं की संप मिटवायला टेबलावर माणूसच उरत नाही. म्हणून पडताळणी संपाच्या आधी करून घ्या.

११. ठेकेदार म्हणते, ‘उद्यापासून येऊ नका.’ पहिल्यांदा काय करावं?

दुसऱ्या दिवशी जा. पाळीच्या वेळेवर गेटवर हजर राहा, प्रश्न ७ मध्ये सांगितल्यासारखी नोंद करा. घरी बसलात तर पुढे ‘हा स्वतःच काम सोडून गेला’ असं उत्तर येतं, आणि तोंडी काढलेल्या बहुतेक केसेसमध्ये मालकाचं पहिलं वाक्य हेच असतं.

मग पहिल्या आठवड्यात, संघटनेच्या लेटरहेडवर किंवा साध्या कागदावर, मालक आणि ठेकेदार दोघांनाही पत्र: अमुक तारखेपासून काम करत होतो, अमुक तारखेला तोंडी काढलं, कारण सांगितलं नाही, कामावर घ्यावं. पोच ठेवा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. तिथे अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर काढलेला कामगार थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, सरकार प्रकरण तिकडे पाठवेल याची वाट त्याला पाहावी लागत नाही.

अर्ज कुठे द्यायचा यात चूक झाली तर महिने जातात. जिनिंग, दाल मिल, एमआयडीसीतले कारखाने यांचं प्रकरण राज्याच्या कामगार खात्याकडे, म्हणजे जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे. कोळसा खाण आणि सिमेंट कारखान्याची चुनखडीची खाण केंद्राकडे, त्यासाठी नागपूरचं केंद्रीय कामगार आयुक्तांचं कार्यालय. खाणीत काम करणारा ठेकेदाराचा माणूसही केंद्राकडेच जातो.

१२. कपातीत काढलं तर किती पैसे भेटले पाहिजेत?

एक उदाहरण धरू. रोजी ५०० रुपये, नोकरी ६ वर्षं ८ महिने, बारमाही कारखाना. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षं.

कपातीची भरपाई दर वर्षाला १५ दिवसांची: १५ × ५०० × ७ = ५२,५००. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर तिचा पगार, २६ दिवसांनी १३,०००. ग्रॅच्युइटी पुन्हा १५ × ५०० × ७ = ५२,५००. शिवाय नव्या संहितेतला पुनर्कौशल्य निधी (नवं काम शिकण्यासाठीचे पैसे), शेवटच्या पगाराचे १५ दिवस, ७,५००, जो ४५ दिवसांत खात्यात यायला हवा. बेरीज १,२५,५००. पीएफ, उरलेली रजा, बोनस वेगळं. नोकरी संपल्यावर थकलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची असते.

कपातीची भरपाई आणि ग्रॅच्युइटी या दोन वेगळ्या रकमा आहेत. हिशेबाच्या कागदावर त्या एकाच ओळीत ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून टाकून अर्ध्या पैशात सही घेतली जाते, ते नीट पाहा.

भरपाईला गेल्या १२ महिन्यांत २४० दिवस भरलेले हवेत, जमिनीखालच्या खाणीत १९०. रविवार आणि पगारी सुट्ट्या यात मोजतात, हे बऱ्याच जणांना सांगितलंच जात नाही. शेवटी आलेला आधी जातो हा क्रम आहे, तो मोडला तर कारण लिहावं लागतं. एका वर्षाच्या आत पुन्हा भरती झाली तर काढलेल्यांना आधी बोलवायचं असतं. संघटनेने काढलेल्यांची यादी पत्त्यासह मालकाला देऊन ठेवावी.

१३. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पगार हातात. आमच्याजवळ एक कागद नाही. २४० दिवस दाखवायचे कसे?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त केसेस इथेच पडतात. २४० दिवस भरल्याचं दाखवणं कामगारावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. नुसतं शपथपत्र पुरत नाही. मात्र तुम्ही शपथेवर साक्ष दिली आणि मालकाला हजेरीपट, पगारपत्रक हजर करायला लावण्याचा अर्ज केला, तरी त्याने ते दाबून ठेवले, तर न्यायालय त्याचा अर्थ त्याच्या विरोधात लावू शकतं. तो अर्ज वकिलाकडून लेखी द्यायला लावा, तो राहून जातो.

आजपासून काय करता येईल? दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ: ‘१२ डिसेंबर, गुरुवार, दिवसपाळी, सरकीच्या ढिगावर, मुकादम हजर, सोबत आठ जणी, गठाणीचा ट्रक दुपारी लागला.’ ‘कामावर गेलो’ एवढंच लिहिलेली वही नंतर बसून लिहिल्यासारखी दिसते. ट्रक, पाऊस, लाइट गेली, मशीनचा रोलर बदलला, अशा खुणा असलेली वही मालकाच्याच काट्याच्या पावत्यांशी आणि वीज बिलाशी जुळवता येते. याशिवाय गेट पास, हेल्मेट-बुटांच्या वाटपाची सही, पीएफचं पासबुक, मुकादमाचे व्हॉट्सॲपचे निरोप, उचलीच्या चिठ्ठ्या जपा. खाणीतल्यांनी व्हीटीसीचं (व्यावसायिक प्रशिक्षण केंद्राचं) प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि वैद्यकीय तपासणीचा कागद जपावा, त्यावर ठेकेदाराचं आणि खाणीचं दोन्ही नावं असतात.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाला ती द्यावी लागते. पण ठेका संपला म्हणून ठेकेदारी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही, हे २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पक्कं आहे. ‘ठेका बदलला की कंपनीत लावून देतो’ असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. नव्या ठेकेदाराने जुनीच माणसं ठेवावीत, हे संघटनेने करारातच घालून घ्यावं.

१४. जिनिंग हंगामी. फाल्गुनात घरी बसवतात. ही कपात धरायची का?

इथे कायदा हंगामी कामगाराला पातळ पडतो. हंगामी स्वरूपाच्या आस्थापनेला ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवून ठेवण्याच्या, भरपाईची तरतूद लागू नाही. आणि कोणती आस्थापना हंगामी हा वाद आला तर सरकारचा निर्णय अंतिम असतो. त्याच आवारात सरकीची तेल मिल बारमाही चालते आणि तीच माणसं तिकडे वापरली जातात, असं असेल तर ‘हंगामी’ या शब्दालाच हरकत घ्या. कोणत्या महिन्यात कुठे काम केलं हे प्रश्न १३ मधल्या वहीत दिसलं पाहिजे.

ग्रॅच्युइटी मात्र हंगामी कामगारालाही आहे: दर हंगामाला ७ दिवसांची. कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस भरले की ते वर्ष सलग धरतात. हंगाम १५० दिवसांचा असेल तर ११३ दिवस. आठ हंगाम, रोजी ५०० असेल तर ७ × ५०० × ८ = २८,०००. जिनिंगमध्ये ही मागणी करणारे फार थोडे आहेत. आठ-दहा वर्षं त्याच रुईत नाकातोंडात तंतू घेऊन काम केलेल्या बायांना हे पैसे आपले आहेत हे माहीतच नसतं. संघटनांनी हंगाम संपताना हे अर्ज गठ्ठ्याने भरून घ्यावेत.

१५. कापूस नाही, लाइट नाही म्हणून बसवून ठेवलं. त्याचे पैसे?

बारमाही कारखाना, ५० किंवा जास्त कामगार, हजेरीपटावर नाव आणि एक वर्षाची सलग सेवा असेल तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे, १२ महिन्यांत ४५ दिवसांपर्यंत. रोज एकदा ठरलेल्या वेळी कारखान्यात जाऊन हजेरी द्यावी लागते. ‘काम नाही तर कशाला जायचं’ म्हणून घरी राहिलात की त्या दिवसाचे पैसे गेले. त्याच आस्थापनेच्या दुसऱ्या विभागात संप असल्यामुळे तुम्हाला बसवलं असेल तरीही ही भरपाई मिळत नाही.

१६. आमच्याकडे दीडशे कामगार. मालक म्हणते, आता सरकारची परवानगी लागत नाही.

परवानगीबद्दल त्याचं बरोबर आहे. कपात किंवा बंदसाठी आधी परवानगीची अट पूर्वी १०० कामगारांपासून होती, आता ती ३०० पासून आहे. विदर्भातल्या बहुतेक जिनिंगा आणि अकोल्याकडच्या दाल मिल यात येतच नाहीत. पण परवानगी नको म्हणजे नोटीस, भरपाई, क्रम, सरकारला कळवणं नको, असं नाही. ५० किंवा जास्त कामगार असतील तर कारखाना बंद करायला ६० दिवसांची नोटीस लागते. ‘तोटा झाला, माल पडून आहे’ हे भरपाई कमी करायचं कारण कायद्याने मान्य केलेलं नाही. परवानगीचा आडोसा गेला म्हणून दीडशेच्या कारखान्यात कामगाराला संघटना आणि करार हाच आधार उरतो. ‘कपात करायची तर ३० दिवस आधी संघटनेशी चर्चा’ हे कलम शांततेच्या काळातच करारात घालून घ्या.

१७. अंगणवाडी सेविका, आशाताईंना हे सगळं लागू आहे का?

बरंचसं नाही. त्यांना पगार नाही, मानधन आहे, आणि सरकार त्यांना कर्मचारी मानत नाही. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस जवळपास पन्नास दिवस संपावर टिकल्या त्या संघटनांच्या एकजुटीवर. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केलं.

संपावर जाण्याआधी पोषण आहाराचा साठा, रजिस्टरं, मोबाइल आणि किल्ली यांची यादी करून पर्यवेक्षिकेची सही घ्या. ती देत नसेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात यादी देऊन पोच घ्या. नाहीतर संप मिटल्यावर तांदळाची तूट तुमच्या नावावर निघते. मेस्मा (अत्यावश्यक सेवांतल्या संपाला मनाई करणारा राज्याचा कायदा) लावल्याची बातमी आली तर आदेशाची प्रत मागा, त्यात कोणती सेवा आणि किती मुदत लिहिली आहे ते संघटनेकडून वाचून घ्या, मगच पुढचं ठरवा.

१८. कोऱ्या कागदावर सही घेतली होती, आता तोच राजीनामा म्हणून दाखवतात.

वेळ घालवू नका. कळलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मालकाला लेखी कळवा की राजीनामा दिलेला नाही, सही अमुक महिन्यात कोऱ्या कागदावर घेतली होती, मी कामावर यायला तयार आहे. प्रत कामगार कार्यालयाला आणि पोलीस ठाण्यात तक्रार म्हणून द्या. सहा महिन्यांनी घेतलेली हरकत कोणी ऐकत नाही.

हिशेबाचा चेक खात्यात टाकला असेल तरी केस संपत नाही, पण ‘हरकत कायम ठेवून रक्कम स्वीकारली’ असं पत्र चेक वटण्याच्या आधी गेलेलं हवं. राजीनाम्याचा कागद पाहायला मिळाला तर तीन गोष्टी टिपा: सहीची आणि मजकुराची शाई वेगळी आहे का, मजकूर सहीला टेकून बसवण्यासाठी ओळी दाटून लिहिल्या आहेत का, आणि तारीख कोणाच्या हस्ताक्षरात आहे. अंगठा असेल तर शेजारी ‘वाचून दाखवलं’ अशी साक्षीदाराची सही आहे की नाही तेही पाहा.